वॉर्डाला लागून प्रयोगशाळा

महाराष्ट्रात ज्यांची शाळा विसाव्या शतकात झाली, त्यांना ‘लाल औषध’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मैदानात पडून गुडघा फुटला की मास्तर कपाटातली बाटली काढत, कापसाचा बोळा तिच्यात बुडवत आणि जखमेवर फासत. टिंक्चर आयोडीनची आग होई, याची होत नसे. म्हणून पोरांना ते चाले. या औषधाचे नाव मर्क्युरोक्रोम. मुळात ते फुटलेल्या गुडघ्यासाठी शोधलेलेच नव्हते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या मूत्ररोग विभागात, लघवीच्या मार्गातले जंतू मारण्यासाठी ते तयार झाले आणि त्याची पहिली माहिती १९१९ साली छापून आली. त्या लेखावर तिघांची नावे होती. ह्यू हॅम्पटन यंग हा शल्यविशारद आणि एडविन व्हाइट हा रसायनशास्त्रज्ञ ही त्यांतली दोन.

शस्त्रक्रियेच्या विभागाने रसायनशास्त्रज्ञ पदरी बाळगायचा, हे तेव्हा नवलाचेच होते. शल्यविशारदाने कापावे, शिवावे, रुग्ण बरा झाला की घरी पाठवावा; संशोधन करायचे ते शरीरक्रियाशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या लोकांनी, त्यांच्या त्यांच्या इमारतीत. ही वाटणी बाल्टिमोरच्या या एका विभागाने मोडली. त्यातून जे निघाले ते आज जगभरच्या मूत्ररोग विभागांच्या रोजच्या कामात आहे, म्हणून त्याचा इतिहास नीट पाहायला हवा.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये. विल्यम वेल्च, विल्यम ऑस्लर, विल्यम हाल्स्टेड आणि हॉवर्ड केली हे चौघे त्याचे आधारस्तंभ. हाल्स्टेड शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. मूत्ररोग हा त्यांच्या विभागातला एक दुर्लक्षित कोपरा. त्या काळी हा विषय बहुतेक ठिकाणी त्वचारोग आणि गुप्तरोगांच्या दवाखान्याला जोडलेला असे. उपदंश, परमा, मूत्रमार्गाचे आकुंचन यांचे रुग्ण तिथे येत आणि चांगल्या घरचा, महत्त्वाकांक्षी तरुण डॉक्टर शक्यतो तिकडे फिरकत नसे. हॉपकिन्समध्ये हे काम जेम्स ब्राउन पाहत. जिवंत पुरुषाच्या मूत्रवाहिनीत दुर्बिणीच्या मदतीने नळी घालण्याचे अवघड काम त्यांनी १८९३ मध्ये करून दाखवले होते; पण १८९५ मध्ये ते वारले आणि जागा रिकामी झाली.

१८९७ मध्ये हाल्स्टेड यांनी ती जागा ह्यू यंग यांना दिली. यंग यांचा जन्म १८७० चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. म्हणजे तेव्हा वय सत्तावीस. व्हर्जिनिया विद्यापीठातून चार वर्षांत तीन पदव्या घेऊन हा तरुण बाल्टिमोरला आला होता. त्याला सामान्य शल्यविशारद व्हायचे होते. यंग यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे की, आपल्याला या विषयातले काही कळत नाही हे त्यांनी हाल्स्टेडना तोंडावर सांगून टाकले, आणि ते आम्हालाही ठाऊक आहे, पण तू शिकशील, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. या नेमणुकीत हॉपकिन्सची सारी रीत दिसते. विषय येणारा माणूस त्यांनी शोधला नाही. विषय उभा करू शकेल असा माणूस शोधला.

यंग शिकले ते रुग्णांकडून आणि काढलेल्या तुकड्यांकडून. म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग आवळते आणि लघवी तुंबते. त्या काळी अशा माणसाच्या नशिबी कायमची नळी असे. दिवसातून काही वेळा ती घालायची, तिच्यातून जंतू आत जायचे, ताप यायचा, मूत्रपिंडे निकामी व्हायची. नळीवर आलेला म्हातारा फार दिवस काढत नाही, हे घरातल्यांनाही ठाऊक असे. यंग यांनी मांड्यांच्या मधल्या भागातून, पोट न फाडता, ही वाढलेली ग्रंथी काढण्याची पद्धत बसवली. अशा शस्त्रक्रियांत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांतल्या काहींत कर्करोग सापडे. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: कर्करोग ग्रंथीतच असताना वेष्टनासकट सगळी ग्रंथी काढली तर?

७ एप्रिल १९०४ रोजी त्यांनी तसे केले. मदतीला स्वतः हाल्स्टेड उभे होते. विभागप्रमुख आपल्या शिष्याचा साहाय्यक झाला होता. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेची परंपरा तिथून मोजतात. पुढच्या वर्षी यंग यांनी पहिल्या चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. रोग लवकर ओळखला तरच ही शस्त्रक्रिया उपयोगी, हे त्यांनी तेव्हाच बजावले होते.

इथवरची गोष्ट एका हुशार सर्जनची आहे. तिची संस्था झाली ती एका रुग्णामुळे.

जेम्स ब्युकॅनन ब्रॅडी याला न्यूयॉर्क ‘डायमंड जिम’ म्हणून ओळखत असे. हॉटेलातला पोऱ्या म्हणून सुरुवात करून, रेल्वेत नोकरी करून, पुढे रेल्वेला लागणारी सामग्री विकून तो कोट्यधीश झाला. अंगावर हिरे, रात्री नाटकशाळा आणि समोर न संपणारे ताट, अशी त्याची ख्याती होती. पन्नाशी ओलांडली आणि प्रोस्टेटने त्याला गाठले. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब आणि छातीत कळा, इतके सारे अंगात असलेल्या माणसावर शस्त्रक्रिया करायला कोणी धजेना. यंग यांच्याकडे त्यांनीच १९०९ मध्ये घडवलेले एक हत्यार होते. मूत्रमार्गातून आत सरकवायची पोकळ नळी, तिच्या टोकाशी खाच, आणि त्या खाचेत अडकलेला मांसल भाग कापून घेणारे आतले पाते. कोकेनने जागा बधिर करायची, पोटाला हात लावायचा नाही. १९१२ मध्ये ब्रॅडीवर ही शस्त्रक्रिया झाली आणि तो मोकळेपणी लघवी करू लागला. ज्याने हा त्रास भोगला आहे किंवा घरात पाहिला आहे, त्यालाच त्या सुटकेचे मोल कळेल.

ब्रॅडीने २ लाख २० हजार डॉलर दिले. त्यातून १९१५ मध्ये जेम्स ब्युकॅनन ब्रॅडी मूत्ररोग संस्था उभी राहिली. देणगीदार स्वतः १९१७ मध्ये वारला. संस्था शंभर वर्षे ओलांडून गेली.

या संस्थेत काय एकत्र आणले गेले हे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. रुग्णांचे वॉर्ड, शस्त्रक्रियागृह आणि क्ष-किरण विभाग तर होतेच. काढलेल्या ऊती तपासायची सोय, जंतुशास्त्राची आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा हीही त्याच संस्थेच्या आत होती. रुग्णाच्या लघवीत सापडलेला जंतू त्याच दिवशी प्रयोगशाळेत वाढवायला घालता येई आणि सकाळी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर दुपारी त्याच्यावर नवे रसायन घालून पाहू शके. शिवाय विभागाचा स्वतःचा चित्रकार होता! मॅक्स ब्रोडेल या जर्मन चित्रकाराने १९११ मध्ये हॉपकिन्समध्ये वैद्यकीय चित्रकलेचा विभाग काढला होता. त्याच्याकडे शिकलेला विल्यम डिडुश १९१५ मध्ये यंग यांच्याकडे रुजू झाला. शस्त्रक्रिया चालू असताना उभे राहून, हाताने काय केले आणि आत काय दिसले, ते तो टप्प्याटप्प्याने रेखाटत असे. छायाचित्रात रक्त आणि हात यांखेरीज काही दिसत नाही. चित्रात नेमका थर दिसतो. हजारो मैलांवरच्या सर्जनला ती शस्त्रक्रिया समजली ती डिडुशच्या रेषांमुळे. अमेरिकन मूत्ररोग संघटनेच्या संग्रहालयाला आज त्याचेच नाव आहे, आणि ते अगदी योग्य आहे.

संशोधन केले, पण छापायचे कुठे? यंग यांनी १९१७ मध्ये ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केले. म्हणजे रुग्ण, प्रयोगशाळा, चित्रकार आणि छापखान्याची वाट, सगळे एका माणसाच्या हाताशी आले. यात धोकाही होता आणि तो मर्क्युरोक्रोमच्या कहाणीत दिसतो.

कल्पना सुंदर होती. काही रंग शरीरातल्या ऊतींत खोल मुरतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. पारा जंतूंना मारतो. रंगाच्या रेणूला पारा जोडला तर औषध नेमके जिथे हवे तिथे पोहोचेल. एकामागून एक संयुगे करून पाहिल्यावर हाती आले ते ‘मर्क्युरोक्रोम-२२०’. मूत्राशय धुण्यासाठी ते वापरले गेले, मग जखमांवर, आणि १९२० च्या दशकात रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णांना थेट शिरेतूनही. यंग यांनी त्याचे मोठे गुण गायले. ते गुण पुढच्या काटेकोर तपासणीत टिकले नाहीत. सल्फा औषधे आणि पेनिसिलिन आल्यावर ते आतून देण्याचा प्रश्नच उरला नाही. वरून लावण्याचे औषध म्हणून मात्र ते जगभर पसरले आणि आपल्या शाळांच्या कपाटांपर्यंत आले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते सुरक्षित व गुणकारी औषधांच्या मान्यतेतून वगळले. पाऱ्याची भीती हे त्यामागचे एक कारण. शोध लावणाऱ्यानेच त्याचा न्याय करू नये, हा नियम वैद्यकाला अशाच अनुभवांतून सापडला. तरीही औषध शोधण्याची ही दिशा, म्हणजे रोगाच्या जागी पोहोचेल असा रेणू मुद्दाम घडवणे, मूत्ररोग विभागात १९१९ मध्ये सुरू होती, हे विसरता येत नाही.

यंग यांच्या कामाचा आणखी एक भाग आज वेदना देतो. ज्या मुलांचे शरीर मुलगा की मुलगी या चौकटीत बसत नव्हते, अशांचा त्यांनी मोठा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. अधिवृक्क ग्रंथींचे विकार ओळखायला त्याची मोठी मदत झाली. पण त्या रुग्णांची छायाचित्रे, त्यांच्यावरच्या शस्त्रक्रिया आणि त्यांची संमती यांबद्दल आज जे कठोर प्रश्न विचारले जातात ते रास्त आहेत. रुग्णालयाला लागून प्रयोगशाळा असली की रुग्ण हा पुरावा होऊन बसण्याची भीती सदैव असते. संमतीपत्र आणि नीतिसमिती या गोष्टी आज प्रत्येक विभागात सक्तीच्या आहेत, त्या या भीतीपोटीच.

याच काळात बाल्टिमोरपासून दूर, शिकागोत, दुसऱ्या एका मूत्ररोग विभागात याहून मोठी गोष्ट घडत होती. चार्ल्स हगिन्स हा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा मुलगा १९२७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय विभागात आला. त्यालाही मूत्ररोग हा विषय वरिष्ठांनी नेमून दिला आणि त्यालाही तो येत नव्हता. पुस्तके वाचून त्याने तो आत्मसात केला आणि पुढे बर्लिनला ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत जाऊन जीवरसायनशास्त्राची गोडी लावून घेतली.

हगिन्सने प्रश्न साधा घेतला: प्रोस्टेट ग्रंथी कशावर जगते? माणसाखेरीज पाळीव प्राण्यांत कुत्रा हा असा प्राणी आहे की ज्याची ही ग्रंथी म्हातारपणी आपोआप वाढते. हगिन्सने कुत्र्याच्या ग्रंथीचा स्राव लघवीत न मिसळता वेगळा, महिनोन्‌महिने मोजता येईल अशी शस्त्रक्रिया बसवली. यासाठी हात सर्जनचा लागला आणि डोके रसायनशास्त्रज्ञाचे. वृषण काढले की स्राव थांबतो, पुरुषसंप्रेरक दिले की परत सुरू होतो, स्त्रीसंप्रेरक दिले की पुन्हा आटतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत वाढलेल्या गाठीही वृषण काढल्यावर आक्रसल्या.

मग तो माणसांकडे वळला. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज हे विकर वाढते, हे नुकतेच कळले होते. हगिन्स आणि त्याचा तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी अशा रुग्णांचे वृषण काढले किंवा त्यांना स्त्रीसंप्रेरक दिले, आणि रक्तातले विकर मोजत राहिले. ते उतरले. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली. १९४१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांगात पसरलेला कर्करोगही शरीरातल्या रसायनांच्या हुकमतीत असू शकतो, हे पहिल्यांदा सिद्ध झाले. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचाराचा पाया आजही हाच आहे. वृषण काढण्याऐवजी बहुधा इंजेक्शन दिले जाते, एवढेच. हगिन्सला १९६६ मध्ये पेटन राउस यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. कामाला पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

हगिन्सच्या हाताखाली विल्यम वॉलेस स्कॉट नावाचा तरुण होता. कर्करोग परत उलटतो तेव्हा अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या संप्रेरकांचा त्यात हात असेल, या विचाराने दोघांनी काही रुग्णांच्या त्या ग्रंथीही काढून पाहिल्या आणि १९४५ मध्ये निकाल छापला. कॉर्टिसोन अजून हाती आलेले नव्हते आणि त्याच्याशिवाय असे रुग्ण तगणे कठीण होते. विचार बरोबर होता, पण काळाच्या आधी आलेला. निकाल वाईट असूनही त्यांनी तो छापला.

१९४५ मध्येच यंग वारले. त्यांच्या जागी हगिन्सला बोलावले गेले; तो आला आणि अल्पावधीतच शिकागोला परत गेला. मग १९४६ मध्ये स्कॉट बाल्टिमोरचा प्रमुख झाला. शिकागोतली जीवरसायनाची सवय तो सोबत घेऊन आला आणि ब्रॅडी संस्थेची प्रयोगशाळा नव्याने उभी राहू लागली.

या प्रयोगशाळेने घडवलेला सगळ्यांत विलक्षण माणूस डॉक्टर नव्हता. डोनाल्ड कॉफी १९३२ मध्ये व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात जन्मला. टेनेसीतल्या एका छोट्या महाविद्यालयात शिकून तो बाल्टिमोरच्या वेस्टिंगहाउस कंपनीत काम करत होता. १९५९ मध्ये त्याने ब्रॅडी प्रयोगशाळेत रात्रपाळीचे काम धरले. तिथून तो हॉपकिन्समध्ये विद्यार्थी झाला, १९६४ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे त्याच प्रयोगशाळेचा संचालक, प्राध्यापक, अमेरिकन कर्करोग संशोधन संघटनेचा अध्यक्ष झाला. एकही शस्त्रक्रिया न केलेला हा माणूस सर्जनांच्या दोन-तीन पिढ्यांचा गुरू होता.

कॉफीचे प्रश्न वॉर्डातूनच येत. रोगनिदानतज्ज्ञ कर्करोगाची पेशी ओळखतो ती मुख्यतः तिच्या केंद्रकाच्या वेड्यावाकड्या आकारावरून. मग केंद्रकाला आकार देते कोण? १९७४ मध्ये रोनाल्ड बेरेझनी आणि कॉफी यांनी दाखवून दिले की, केंद्रकाच्या आत प्रथिनांचा एक सांगाडा असतो. त्याला त्यांनी केंद्रक-आधारजाल म्हणता येईल असे नाव दिले. डीएनएचे लांबलचक धागे वेटोळ्यांनी या सांगाड्याला बांधलेले असतात आणि त्याची नक्कलही तिथेच होते, हे पुढे १९८० मध्ये कॉफीने ड्रू पार्डोल आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांच्यासह मांडले. व्होगेलस्टाइन म्हणजे आतड्याच्या कर्करोगामागची जनुके उलगडणारे शास्त्रज्ञ. पेशीविज्ञानातले इतके मूलभूत काम मूत्ररोग विभागाच्या छताखाली झाले, यावर कुणाचा सहज विश्वास बसणार नाही.

कॉफी आणखी एक प्रश्न सतत विचारी. प्रोस्टेटला खेटून असलेल्या वीर्यकोशांना कर्करोग जवळजवळ होतच नाही. संप्रेरके तीच, रक्त तेच, मग असे का? त्या प्रश्नाला पुरते उत्तर अजून मिळालेले नाही.

१९७४ मध्ये पॅट्रिक वॉल्श ब्रॅडी संस्थेचे प्रमुख झाले. तोवर यंग यांची मोठी शस्त्रक्रिया जवळजवळ बाजूला पडली होती. रक्तस्राव फार होई, काहींची लघवी कायमची गळत राही आणि बहुतेक सर्वांचे लैंगिक सामर्थ्य जाई. एवढी किंमत मोजण्यापेक्षा किरणोपचार बरे, असे रुग्णांनाही वाटे आणि डॉक्टरांनाही. वॉल्श यांनी आधी रक्तस्रावाचे मूळ शोधले. ग्रंथीवरून जाणाऱ्या शिरांची रचना नीट समजून घेऊन त्या आधीच बांधण्याची पद्धत त्यांनी १९७९ मध्ये मांडली. रक्त थांबले तसे शस्त्रक्रियेच्या जागी प्रथमच काही दिसू लागले. त्याच सुमारास त्यांचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत आपले वैवाहिक जीवन पूर्ववत झाल्याचे सांगू लागला. एकाचे झाले तर सगळ्यांचे का नाही?

उत्तर नेदरलँड्समधल्या लायडेन गावी सापडले. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या देहात मूत्राशयाच्या नसा शोधत होते. प्रौढ देहात चरबीमुळे या नसा दिसेनाशा होतात. अर्भकात स्पष्ट दिसतात. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी, वॉल्श यांच्या वाढदिवशी, दोघांनी मिळून त्या नसांचा माग काढला. लैंगिक ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या आतून जातात असा समज होता. त्या तिच्या वेष्टनाच्या बाहेरून जात होत्या. म्हणजे वाचवता येण्याजोग्या होत्या. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी जाणीवपूर्वक नसा राखून पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण बावन्न वर्षांचा मानसशास्त्राचा प्राध्यापक होता. तो कर्करोगातून बरा झाला आणि त्याचे सामर्थ्यही टिकले. त्यानंतर जगभर ही शस्त्रक्रिया पुन्हा उभी राहिली.

या शोधाला कोणते महागडे यंत्र लागले? विच्छेदनाची हत्यारे, धीर, आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून मनात ठेवणारा डॉक्टर, एवढेच. पुढची दोन उदाहरणेही याच जातीची आहेत. प्रोस्टेटचा कर्करोग घराण्यात चालतो का, हे शोधायला वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९१ रुग्णांच्या नातेवाइकांची विचारपूस केली. तुलनेसाठी निरोगी घरे कुठून आणायची? त्यांनी रुग्णांच्या बायकांची माहेरे घेतली. वय, राहणीमान, गाव, सगळे बहुतांशी जुळणारे. १९९० मध्ये निष्कर्ष आला की, वडील किंवा एका भावाला हा रोग असेल तर धोका दुप्पट, आणि असे नातेवाईक वाढले की धोका कित्येक पट. त्या धाग्यावरून शोधत जाऊन २०१२ मध्ये विल्यम आयझॅक्स आणि मिशिगनच्या कॅथलीन कूनी यांच्या गटाने एचओएक्सबी१३ या जनुकातला दोष दाखवला. बावीस वर्षे लागली. दुसरे उदाहरण रक्ताच्या कुप्यांचे. बाल्टिमोरमध्ये वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास १९५८ पासून चालू होता आणि त्यातल्या माणसांचे रक्त वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले होते. पीएसए ही रक्ततपासणी आल्यावर हॉपकिन्सच्या बॅलेंटाइन कार्टर यांनी या जुन्या कुप्या वितळवून पाहिल्या. कर्करोग उघड होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून काहींचा पीएसए भराभर चढत होता, हे १९९२ मध्ये त्यांनी दाखवले. कुप्या साठवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही तपासणी नव्हती. ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

कॉफीचा एक विद्यार्थी ॲलन पार्टिन याने १९९३ मध्ये पीएसए, हाताने केलेली तपासणी आणि बायोप्सीचा दर्जा या तीन गोष्टी एकत्र मांडून तक्ते तयार केले. रोग ग्रंथीबाहेर गेला असण्याची शक्यता त्यावरून शस्त्रक्रियेआधीच वाचता येते. २००४ मध्ये हाच पार्टिन संस्थेचा प्रमुख झाला.

भारताचा धागाही या इमारतीतून जातो. पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये शिकलेले मणी मेनन १९७० च्या दशकात ब्रॅडी संस्थेत घडले आणि प्रयोगशाळेत पुरुषसंप्रेरकांच्या ग्राहकांवर त्यांनी काम केले. पुढे डेट्रॉइटमध्ये त्यांनी यंत्रमानवाच्या साहाय्याने प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत बसवली. आज पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत ती होते. आणि यंग यांनी सुरू केलेल्या ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’च्या १९६७ च्या अंकात मुंबईच्या डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांचा लेख आहे. पुरुष नसबंदीनंतर वीर्यनलिका पुन्हा जोडण्याचा ७६ रुग्णांचा अनुभव त्यात मांडलेला आहे. कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात असलेल्या देशात, नसबंदीनंतर मूल दगावलेल्या बापाला पुन्हा संधी मिळावी, ही त्या कामामागची निकड होती. जगभरच्या सर्जनांनी पुढे कितीतरी वर्षे त्या लेखाचा दाखला दिला. डॉ. जी. एम. फडके हे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मूत्ररोग संघटनेचे पहिले अध्यक्ष. म्हणजे प्रश्न आपल्या वॉर्डातून उचलावा आणि उत्तर जगासमोर मांडावे, हे मुंबईत झालेले आहे.

आपल्याकडे रुग्ण कमी नाहीत, हातही कमी नाहीत. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतले मूत्ररोग विभाग दिवसभर रुग्णांनी भरलेले असतात. मूतखडा, तुंबलेली लघवी, लहान मुलांचे जन्मजात दोष, सारे काही तिथे येते. निवासी डॉक्टरला प्रबंध लिहायचा असतो, पण तो लिहायचा ओपीडी आणि शस्त्रक्रिया यांतून उरलेल्या वेळात. विभागात शस्त्रक्रिया न करणारा, फक्त प्रश्नांच्या मागे लागणारा एखादा कॉफी क्वचितच असतो. जुनी केसपेपरांची बाडे जागेअभावी रद्दीत जातात.

मुंबईची मोठी रुग्णालये दात्यांच्या पैशातून उभी राहिली, हे इथे मुद्दाम आठवावे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. झाले; १९२६ मध्ये सुरू झालेल्या केईएमला लागून असलेले महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी भारतीय अध्यापकच नेमावेत या अटीवर दिलेल्या देणगीतून उभे राहिले. दात्याने घातलेली अट संस्थेला कुठवर नेते, याचा हा पुरावा आहे. ज्या कुटुंबांना आज आपल्या माणसाच्या नावे रुग्णालयाला काही द्यायचे आहे, त्यांनी आणखी एका यंत्राऐवजी सार्वजनिक रुग्णालयातल्या एखाद्या मूत्ररोग विभागात एका शास्त्रज्ञाचा दहा वर्षांचा पगार, रक्त आणि ऊतींचे नमुने ठेवायला एक अतिशीत कपाट आणि केसपेपर जपणारा एक माणूस, एवढे द्यावे, आणि ते संशोधनासाठीच वापरले जाईल अशी अट लेखी घालावी.